दाणा की पळिंज? भाताच्या फुलातल्या प्रथिनांविषयी

प्रस्तावना

भाद्रपदातली सकाळ. मुरबाडहून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यालगतचं एखादं खाचर. आठ वाजता पाहिलं तर लोंब्या हिरव्या आणि मिटलेल्या असतात, पानांवर दव असतं. साडेनऊ-दहाला ढग जरा फाटून ऊन तापलं, की लोंबीच्या शेंड्याकडची फुलं उघडू लागतात. एकेका फुलाची दोन टरफलं चिमणीच्या पिलाच्या चोचीसारखी विलग होतात आणि सहा परागकोश बारीक दोऱ्यांवर बाहेर लोंबकळतात. वाऱ्याची झुळूक आली की पिवळसर धूळ उडताना दिसते. तासाभरात चोच पुन्हा मिटते. परागकोश बाहेरच अडकून राहतात, पांढरे पडतात, गळून जातात. ते फूल पुन्हा उघडत नाही. दाणा धरायची त्याची संधी तेवढीच.

हे पुस्तक त्या तासाभराविषयी आहे. त्याच्या आधीचे दहा-बारा दिवस आणि नंतरचा महिनाभर हेही त्यात येतात, कारण तो तास साधतो की वाया जातो हे त्या दिवसांवर ठरतं.

शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांत वाढलेल्या माणसाला भाताच्या या अवस्था शिकवाव्या लागत नाहीत. त्यांची नावं घरात बोलली जातात. भात पोटरीत आलं, निसवलं, फुलोऱ्यात आहे, चिकात आहे, दाणा भरला. हळवं भात आधी निसवतं, निमगरवं त्याच्यामागून, गरवं सर्वांत शेवटी. कोणत्या खाचरात काय लावायचं हे पाणी किती दिवस टिकेल त्यावर ठरतं. माझी आजी फुलोऱ्याच्या दिवसांत आम्हा पोरांना खाचरात शिरू देत नसे. खेकडे धरायचे असतील तर बांधावरूनच. कारण विचारलं तर म्हणायची, "भात फुलात आहे, त्याला हात लावू नये." पुढे वनस्पतिशास्त्र शिकलो तेव्हा त्या एका वाक्यातलं शहाणपण मला उलगडत गेलं.

आजीला आणखी एक गोष्ट कळायची. अश्विनात ती बांधावर उभी राहून नुसती नजर फिरवायची. भरलेली लोंबी वाकते. जी ताठ उभी राहते, तिच्यात पळिंज. टरफल असतं, आत तांदूळ नसतो. खळ्यावर उफणताना वाऱ्यासोबत उडून जातं ते हेच. एखाद्या वर्षी झोडणी झाली की दाण्याच्या राशीपेक्षा पळिंजाचा ढीग डोळ्यांत भरायचा. राबाची भाजणी, पेरणी, चिखलणी, लावणी, बेणणी, सगळं वेळेवर झालेलं. रोप दाट, पानं हिरवीगार. तरी दाणा नाही. "यंदा हवाच वाईट लागली," असं घरात म्हणायचे आणि तो विषय तिथेच संपायचा.

हवा वाईट लागते म्हणजे फुलाच्या आत नेमकं काय होतं, या प्रश्नाचं उत्तर आज बऱ्याच अंशी देता येतं. ते उत्तर प्रथिनांच्या भाषेत आहे आणि ते मराठीत, आपल्या शेताच्या संदर्भात मांडावं, एवढ्यासाठी पुढची पानं लिहिली आहेत.

प्रथम फूल नीट पाहू. भाताच्या फुलाला रंगीत पाकळ्या नाहीत, मध नाही, कारण त्याला कीटकांना बोलवायचं नसतं. दोन टरफलांच्या आत सहा पुंकेसर असतात. गव्हात आणि नाचणीत ते तीनच. मधोमध एकच बीजांड असलेला अंडाशय आणि त्यावर पिसासारख्या दोन कुक्षी. तळाशी दोन बारीक मांसल खवले असतात. ते पाणी शोषून फुगतात आणि टरफलांना आतून रेटतात, म्हणून फूल उघडतं. बहुतेक वेळा उघडतानाच परागकोश फुटतात आणि पराग स्वतःच्याच कुक्षीवर पडतो. भात स्वपरागी आहे ते यामुळे. परागकण फार अल्पायुषी. बाहेर पडल्यावर काही मिनिटांतच त्याची रुजण्याची ताकद संपत जाते. पावसाच्या थेंबात सापडला तर तो फुटतोच. परतीचा पाऊस दहा वाजताच्या फुलोऱ्यावर कोसळला, तर शेतकऱ्याच्या काळजाचं पाणी का होतं, ते यातून कळेल.

कुक्षीवर बसलेला परागकण फुगतो, त्यातून एक नळी निघते आणि अर्ध्या-एक तासात बीजांडापर्यंत पोचते. नळीतून दोन नर पेशी जातात. एक अंड्याशी मिळते आणि तिच्यापासून अंकुर होतो. दुसरी मधल्या केंद्रकांशी मिळते आणि तिच्यापासून पिठाळ भाग तयार होतो. हे दुहेरी फलन सर्गेई नवाशिन या शास्त्रज्ञाने १८९८ मध्ये प्रथम दाखवलं. आपल्या ताटातला भात हा त्या दुसऱ्या मिलनाचा भाग आहे. गिरणीत तांदूळ सडताना अंकुर कोंड्यासोबत निघून जातो. उरतं ते रोपासाठी साठवलेलं अन्न. माणसाने शेती सुरू केली तेव्हापासून गवताच्या पिलासाठी बांधलेली ही शिदोरी तो खात आला आहे.

आता प्रथिनांकडे. प्रथिनं म्हटलं की डाळ, अंडी आणि डॉक्टरांचा सल्ला एवढंच डोळ्यांपुढे येतं. पण सजीवाच्या पेशीतली जवळजवळ सगळी कामं प्रथिनंच करतात. साखर फोडणं, पिठाची साखळी गुंफणं, भिंत बांधणं, निरोप पोचवणं, बिघडलेलं दुरुस्त करणं ही सगळी त्यांची कामं. कोणतं प्रथिन कसं घडवायचं याची माहिती जनुकांत असते. भाताच्या मुळात, पानात आणि परागकोशात जनुकांचा संच एकच असतो. मग एक अवयव चिखलातून पाणी ओढतो आणि दुसरा पराग घडवतो, हे कसं?

आपल्याकडच्या वाचकाला हे सातबाऱ्यावरून समजेल. सात नंबरचा उतारा वाचला की जमीन कोणाची आणि किती हे कळतं. या हंगामात तिच्यावर काय उभं आहे, ते त्यातून कळत नाही. त्यासाठी पीकपाहणी करावी लागते, बांधावर जावं लागतं, तेही योग्य महिन्यात. जनुकांचा अभ्यास हे सातचं वाचन आहे, प्रथिनांचा अभ्यास ही पीकपाहणी. परागकोशात आज, या अवस्थेत, कोणती प्रथिनं कामावर हजर आहेत, कोणती गैरहजर आहेत आणि कोणती गरजेपेक्षा जास्त झाली आहेत, हे त्या क्षणी तिथे जाऊनच पाहावं लागतं. एखाद्या अवयवातल्या सगळ्या प्रथिनांच्या या मोजदादीला प्रोटिओमिक्स म्हणतात. तिच्या मुळाशी असलेला प्रोटिओम हा शब्द १९९४ मध्ये मार्क विल्किन्स यांनी प्रथम वापरला.

ही पाहणी कशी होते ते पुस्तकाच्या दुसऱ्या भागात सविस्तर आहे. इथे ओळखीपुरतं सांगतो. भात पोटरीत असताना आतल्या परागकोशाचं वय बाहेरून ओळखावं लागतं. सर्वांत वरच्या पानाचा सांधा त्याच्या खालच्या पानाच्या सांध्यापासून किती वर सरकला आहे, ते अंतर पट्टीने मोजून अंदाज बांधतात. मग पोटरी चिरून लोंबी काढायची आणि चिमट्याने एकेक परागकोश वेचायचा. तो असतो दोनेक मिलिमीटर लांबीचा, त्यामुळे चिमूटभर माल जमायला शेकडो फुलं लागतात. वेचलेला माल लगेच द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवायचा, नाहीतर पेशीतलीच पाचक प्रथिनं बाकीच्यांचा फडशा पाडतात. गोठवलेला माल खलात कुटून त्यातून प्रथिनं काढायची आणि जेलच्या पातळ चादरीवर पसरायची, आधी विद्युतभारानुसार आणि मग आकारानुसार. ही दुहेरी पद्धत पॅट्रिक ओ'फॅरेल यांनी १९७५ मध्ये मांडली. रंग दिल्यावर चादरीवर शेकडो ठिपके उमटतात. निरोगी लोंबीचं जेल आणि उन्हाने होरपळलेल्या लोंबीचं जेल शेजारी ठेवलं, की कोणता ठिपका गडद झाला आणि कोणता पुसला गेला ते डोळ्यांना दिसतं.

ठिपक्याचं नाव शोधण्यासाठी तो कापून घेतात, त्यातल्या प्रथिनाचे ठरावीक जागी तुकडे करतात आणि मास स्पेक्ट्रोमीटरवर त्यांचं वजन करतात. प्रथिनांसारखे नाजूक रेणू न मोडता मोजण्याची वाट शोधल्याबद्दल जॉन फेन आणि कोइची तनाका यांना २००२ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. तुकड्यांची वजनं भाताच्या जनुकांच्या यादीशी ताडून पाहायची असतात आणि ती यादी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. अनेक देशांनी मिळून केलेल्या त्या कामात अकराव्या गुणसूत्राच्या वाचनात भारतीय प्रयोगशाळांचा वाटा होता. ही यादी नसती तर ठिपके दिसले असते, पण त्यांची नावं कळली नसती.

आता या शास्त्राने काय दाखवलं ते पाहू. मी इथे दोनच उदाहरणं घेतो, कारण ती थेट आपल्या दोन तालुक्यांपर्यंत येऊन भिडतात.

पहिलं उदाहरण उन्हाचं. भातसा धरण शहापूर तालुक्यात आहे. त्याच्या कालव्याचं पाणी जिथे पोचतं तिथे काही शेतकरी उन्हाळी भात घेतात. ते भात फुलोऱ्यात येतं तेव्हा मार्च-एप्रिलचं ऊन असतं. फूल उघडलेलं असताना तासभर जरी तापमान ३५ अंशांच्या वर राहिलं, तरी पराग नीट सुटत नाही, सुटला तर कुक्षीवर रुजत नाही आणि पळिंज वाढतं. पण सगळ्या जातींचं तसं होत नाही. उत्तर प्रदेशातली नगिना २२ ही जुनी, कोरडवाहू जात उन्हात पुष्कळ टिकून राहते. कृष्णा जगदीश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये तिच्या फुलांतल्या प्रथिनांची तुलना नाजूक जातींशी केली. तापलेल्या नगिना २२ च्या परागकोशांत रक्षक प्रथिनांचं प्रमाण ठळकपणे वाढलेलं आढळलं. उष्णतेने प्रथिनांची घडी विस्कटते, जशी अंड्याच्या पांढऱ्याची कढईत विस्कटते. ही रक्षक प्रथिनं इतरांना धरून ठेवतात, त्यांची घडी मोडू देत नाहीत. आजीची 'वाईट हवा' आणि फुलाच्या आतली ही झुंज एकच आहे.

उन्हावर दुसरा उपाय काही रानभातांनी शोधला आहे. ते पहाटेच लवकर फुलतात आणि ऊन चढण्याआधी मोकळे होतात. तो गुण लागवडीच्या भातात आणण्याचे प्रयोग झाले आहेत आणि त्यांना यश येत आहे.

दुसरं उदाहरण संकरित भाताचं. मुरबाड तालुक्याची दक्षिण शीव ओलांडली की रायगड जिल्ह्यातला कर्जत तालुका लागतो. कर्जतचं भात संशोधन केंद्र १९१९ मधलं, आज दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा भाग. कर्जत-१८४, कर्जत-३, कर्जत-७ ही नावं आपल्याकडच्या शेतकऱ्याला पाठ आहेत. याच केंद्रातून १९९८ मध्ये सह्याद्री हा संकरित भात आला. भात स्वपरागी. प्रत्येक फुलात नर-मादी एकत्र. मग संकर करायचा कसा? हाताने परागकोश काढत बसलो तर किलोभर बी होणार नाही. त्यासाठी असं भात हवं, ज्याचा पराग मुळातच वांझ आहे. असं रोप १९७० मध्ये चीनच्या हैनान बेटावर युआन लाँगपिंग यांच्या सहकाऱ्यांना रानभातात सापडलं आणि जगातल्या संकरित भातांचा मोठा भाग त्या एका रोपाच्या वारशावर उभा राहिला. सह्याद्रीची मादीही त्याच वारशातली.

त्या रोपाचा पराग वांझ का, हे कोडं सुटायला चाळीसहून अधिक वर्षं लागली. परागकोशाच्या आतल्या बाजूला पेशींचा एक थर असतो, वाढत्या परागकणांना अन्न पुरवणारा. दाईसारखं त्याचं काम. पराग तयार होत आला की हा थर ठरल्या वेळी स्वतःहून विरघळतो. हैनानच्या रोपात एक जादा प्रथिन तयार होतं. २०१३ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी ते ओळखलं. त्याचं नाव डब्ल्यूए-३५२. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागात हे प्रथिन दुसऱ्या एका गरजेच्या प्रथिनाला जाऊन अडकतं आणि पोसणारा थर वेळेआधी मरतो. दाई गेली, पिलं उपाशी राहिली. नवलाची गोष्ट अशी, की त्यामागचं जनुक रोपाच्या सगळ्या अवयवांत आहे, पण प्रथिन साचतं ते मुख्यतः परागकोशाच्या त्या थरात, आणि तेही नेमक्या वेळी. म्हणून पान हिरवं, खोड जोमदार आणि पराग तेवढा वांझ. सातचा उतारा सगळीकडे सारखा असूनही पीकपाहणी का करावी लागते, याचा यापेक्षा चांगला दाखला माझ्याजवळ नाही.

संकराच्या बीजोत्पादनात या वांझ मादीच्या ओळींशेजारी नर जातीच्या ओळी लावतात. फुलोऱ्याच्या दिवसांत सकाळी दोन माणसं बांधाच्या दोन टोकांना उभी राहून नर ओळींवरून दोरी ओढतात, म्हणजे पराग उडून मादीवर पडावा. आपण सुरुवातीला पाहिला तोच तो तास. नर जातीत अशी जनुकं असतात, जी त्या घातक प्रथिनावर अंकुश ठेवतात, त्यामुळे शेतकऱ्याच्या हाती येणारं संकरित रोप दाणा धरतं.

पण त्या दाण्याचं घरचं बी धरलं तर? आमच्या गावातल्या एका काकांनी ते धरलं होतं. पुढच्या वर्षी त्यांच्या खाचरात काही झाडं उंच, काही बुटकी, काही आधी निसवलेली, काही मागे राहिलेली आणि काहींच्या लोंब्या शेवटपर्यंत ताठ. काकांना वाटलं आपण फसवलो गेलो. खरं तर अंकुश ठेवणारी जनुकं पुढच्या पिढीत वाटली गेली होती. ज्या झाडांच्या वाट्याला ती आली नाहीत, ती पळिंजावर गेली. संकरित बी दरवर्षी नवं का घ्यावं लागतं, हे काकांना कोणी तेव्हा समजावून सांगायला हवं होतं. पिशवीवर छापलेली सूचना वेगळी आणि कारण कळणं वेगळं. कारण कळलेला शेतकरी स्वतः ठरवू शकतो, संकरित लावायचं की झिनीसारख्या घरच्या भाताचं बी जपायचं.

दाणा धरल्यावरचा प्रवासही प्रथिनांचाच आहे. तांदळात शेकडा सात-आठ भाग प्रथिनं असतात, पण ती गव्हातल्या प्रथिनांसारखी ताणली जात नाहीत. म्हणून आपल्या घरात तांदळाच्या भाकरीला उकड काढावी लागते. पीठ धरून ठेवायचं काम शिजलेलं पिष्ट करतं. भात मोकळा होतो की चिकट, हे दाण्यातल्या एका पिष्ट घडवणाऱ्या प्रथिनावर बरंचसं ठरतं. सुवासिक तांदळांची गोष्ट त्याहून वेगळी. बहुतेक सुवासिक जातींत एक ठरावीक प्रथिन निकामी झालेलं असतं, आणि त्याच्या गैरहजेरीत सुवासाचा रेणू साचत जातो.

डोळखांबकडच्या किंवा माळशेजच्या पायथ्याच्या वरकस जमिनीवर नाचणी आणि वरी होते. नाचणीचं फूल पहाटेच्या अंधारात उमलतं, त्यामुळे ते फार थोड्यांनी पाहिलं आहे. तिच्या दाण्यातला चुना आणि कोरड्यात तग धरायची तिची ताकद यांचं कौतुक आता सगळीकडे होतं, पण तिच्या फुलाच्या आत काय चालतं यावर भाताच्या मानाने फार कमी काम झालं आहे. हे काम कोणी करायचं? ज्यांच्या घरात नाचणीची भाकरी आजही होते त्यांच्या मुलामुलींनी, असं मला मनापासून वाटतं.

त्यासाठी सुरुवातीला लाखो रुपयांचं यंत्र लागत नाही. शहापूर किंवा मुरबाडच्या कोणत्याही महाविद्यालयातला साधा सूक्ष्मदर्शक आणि आयोडीनची बाटली पुरे. सकाळी उघडण्याच्या बेतात असलेलं फूल घ्या, परागकोश काचपट्टीवर चिरडा आणि वर आयोडीनचा थेंब टाका. पिष्टाने भरलेला सशक्त परागकण काळानिळा आणि गोल दिसतो. वांझ कण फिकट पिवळा आणि आक्रसलेला. शंभर कण मोजा. किती काळे, किती पिवळे ते तारखेसह वहीत लिहा आणि त्या आठवड्यातला पाऊस व ऊनही नोंदवा. दिवाळीनंतर त्याच खाचरातल्या लोंबीत पळिंज किती निघालं ते मोजा. ही नोंद ज्याने केली, त्याने संशोधनाला सुरुवात केली. यंत्र नंतर कुठेही मिळेल.

कारण निरीक्षणाची जागा यंत्र घेऊ शकत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये स्वतःच्या शेतात वेगळ्या दिसणाऱ्या मोजक्या लोंब्या हेरल्या, त्यांचं बी राखलं, आणि त्यातून एचएमटी हा तांदूळ देशाला मिळाला. त्यांच्या हाती प्रयोगशाळा नव्हती. लोंबीकडे बघायची सवय होती. आपल्या तालुक्यांत ती सवय अजून जिवंत आहे, घरोघर आहे. तिला कारणांची जोड मिळाली पाहिजे, इतकंच माझं म्हणणं आहे.

पुस्तकात परिभाषा शक्य तिथे शेतातली ठेवली आहे. पोटरी, निसवणं, चीक, पळिंज हे शब्द शास्त्राला पुरतात, त्यांच्या जागी जड संस्कृत शब्द बसवायची गरज मला वाटली नाही. जिथे मराठी शब्द नव्हता तिथे रूढ इंग्रजी शब्दच देवनागरीत ठेवला आहे. पहिला भाग फुलाचा, दुसरा पद्धतींचा, तिसरा ऊन, थंडी, पाणी आणि वांझपणाचा, चौथा दाण्याचा. ज्यांना रसायनशास्त्र नको असेल त्यांनी दुसरा भाग सोडून पुढे वाचलं तरी धागा तुटणार नाही.

वाचकांना एकच विनंती आहे. येत्या भाद्रपदात एक सकाळ राखून ठेवा. पाऊस उघडलेला असेल अशा दिवशी दहाच्या सुमारास जवळच्या खाचराच्या बांधावर जाऊन एका लोंबीसमोर तासभर बसा आणि फूल उघडताना, मिटताना पाहा. बांधावरूनच पाहा, आत शिरू नका. भात फुलात असतं.